गच्चीवरचं नेव्हल पाणचट का लागतं?

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या गच्चीवर अर्ध्या ड्रममध्ये नेव्हल ऑरेंजचं (टोकाला बेंबी असणाऱ्या बिनबियांच्या संत्र्याचं) कलम आहे, लावून पाचवं वर्ष. यंदा पहिल्यांदा सात फळं टिकली. ती केशरी व्हायची वाट बघत त्या जानेवारी संपेपर्यंत थांबल्या. फळं दिसायला मोठी निघाली, साल जाड, चव गोड पण पाणचट, आणि देठाकडच्या बाजूला फोडी कोरड्या. त्याच दिवशी फळवाल्याकडून इजिप्तचं नेव्हल आणून शेजारी ठेवून खाल्लं, तर तेच सरस लागलं. म्हणून त्यांचे तीन प्रश्न आहेत: हे झाड खरंच नेव्हल आहे का, माझं काय चुकलं, आणि हे काढून त्या जागी कारा कारा (गुलाबी गराचं नेव्हल) लावू का?

ताई, झाड काढू नका. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून झाड बरोबर असावं, फळं उशिरा उतरवली गेली. पण पहिला प्रश्न योग्य आहे, कारण या बाबतीत पुण्यात पुष्कळांची फसगत होते. माझीही झाली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पंधराएक वर्षांपूर्वी मी एका रोपवाटिकेतून नेव्हल म्हणून एक कलम आणलं आणि पाषाणला घरामागच्या जमिनीत लावलं. झाड जोमाने वाढलं, काटेही भरपूर. चौथ्या वर्षी फळ धरलं ते लिंबाएवढं, केशरी, सैल सालीचं, बियांनी भरलेलं आणि आंबट ढोण. तो रंगपूर लिंबाचा खुंट होता, म्हणजे कलम ज्यावर बांधतात ते खालचं झाड. वर भरलेला नेव्हलचा डोळा (फुटवा येणारा सालीचा तुकडा) कधीतरी मेला होता, खालून खुंटाची फूट आली होती आणि मी चार वर्षं त्या खुंटालाच खत घालत होतो. तेव्हापासून कुणी झाड दाखवलं की मी आधी फूल बघतो. रंगपूर किंवा जंबेरीची (हाही खुंटाला वापरतात तो लिंबाचा प्रकार) कळी बाहेरून जांभळट झाक मारते. मोसंबीच्या जातकुळीतल्या सगळ्या झाडांची कळी, त्यात नेव्हलही आलं, स्वच्छ पांढरी असते. दुसरी खूण त्याहून पक्की आहे. उमललेल्या फुलातले पुंकेसर बघा. लिंबाच्या किंवा मोसंबीच्या फुलात ते पिवळे असतात आणि बोट लावलं की पिवळी पूड बोटाला येते. नेव्हलचे पुंकेसर फिकट, सायीच्या रंगाचे असतात आणि बोट कोरडंच राहतं, कारण या झाडाला कामाचे परागकणच येत नाहीत. फेब्रुवारीत झाड फुललं की सकाळी दहाच्या सुमाराला हे करून बघा, दोन मिनिटांत उत्तर मिळेल. फळाच्या टोकाला बेंबी असणं ही खूण आहेच, पण ती कधी ठळक असते, कधी नुसतं बारीक भोक. ती बेंबी म्हणजे मोठ्या फळाच्या पोटात वाढणारं दुसरं इवलं फळ. फळ उभं कापलंत तर टोकाशी त्या पिल्लाच्या बारीक फोडी वेगळ्या दिसतात.

नावाचा गोंधळही इथेच सोडवून टाकू. आपल्याकडे कुणी याला संत्रं म्हणतं, पण आपलं नागपुरी संत्रं वेगळ्या जातकुळीतलं, सैल सालीचं. नेव्हल त्यापेक्षा मोसंबीच्या जवळचं. त्याला सावत्र नव्हे, सख्खा चुलतभाऊ म्हणा. हे लक्षात ठेवलं की छाटणी, बहार, रोग या सगळ्यासाठी मोसंबीच्या बागायतदाराचं ऐकायचं हे आपोआप ठरतं.

परागकण नाहीत, बी नाही, म्हणजे हे झाड फक्त डोळा भरूनच पुढे जातं. मूळ झाड ब्राझीलमध्ये बाहिया प्रांतात मोसंबीच्या जातकुळीतल्या एका झाडावर आलेल्या वेगळ्या फांदीतून निर्माण झालं. तिथली कलमं 1870 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनला आली आणि 1873 च्या सुमाराला त्यातली काही कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला एलायझा टिबेट्स यांच्याकडे पोचली. ‘वॉशिंग्टन नेव्हल’ हे नाव त्या प्रवासावरून पडलं. टिबेट्सबाईंच्या त्या झाडांपैकी एक अजून रिव्हरसाइडला उभं आहे. तुमच्या ड्रममधलं झाड खरं वॉशिंग्टन नेव्हल असेल, तर ते बाहियातल्या त्या मूळ झाडाचाच तुकडा आहे. डोळ्यातून डोळा, पिढ्या न बदलता. हे सांगण्यामागे हेतू आहे. झाडाचा वाण तोच असेल तर चवीतला फरक वाणात शोधायचा नाही. तो खुंटात, मातीत, रात्रीच्या तापमानात आणि तुम्ही कात्री कोणत्या दिवशी चालवलीत त्यात शोधायचा. यातली शेवटची गोष्ट पूर्ण तुमच्या हातात आहे आणि माझ्या अनुभवात तीच सर्वांत मोठी आहे.

आता पाणचटपणाचं कारण. आपण चव म्हणजे गोडी समजतो, पण संत्र्याची चव साखरेवर जितकी उभी आहे तितकीच आंबटपणावर. समजा एका फळात रसातली साखर 11 टक्के आणि आम्ल 1 टक्का आहे. ते खाताना तोंडाला पाणी सुटतं, गोडीला धार येते. दुसऱ्यात साखर तीच 11, पण आम्ल निम्म्यावर आलंय. ते फळ साखरेने तसूभरही कमी नाही, तरी तुम्ही त्याला पाणचटच म्हणाल. फळ झाडावर पिकत असताना आतलं सायट्रिक आम्ल हळूहळू खर्च होत जातं, आणि हवा जितकी उबदार तितकं जास्त वेगाने. म्हणून उष्ण मुलखात नेव्हल मोठं, गोड आणि मवाळ होतं, तर कोरड्या उन्हाच्या पण थंड रात्रींच्या मुलखात त्याला आंबटगोड धार राहते. मोसंबीचं गणित निराळं आहे. तिच्यात आम्ल मुळातच कमी, आणि आपण तिच्याकडून त्या धारेची अपेक्षाही करत नाही. म्हणूनच जालन्याच्या उन्हातही मोसंबी शोभून दिसते आणि नेव्हल तिथे बेचव होतं.

पुणे या दोन्हींच्या मधे बसतं. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहोत. नोव्हेंबर उजाडला की रात्री उतरू लागतात, डिसेंबर-जानेवारीत पाषाण-शिवाजीनगरकडे पारा 10 अंशांच्या आसपास येतो आणि दुपारी पुन्हा स्वच्छ ऊन असतं. मुंबईकरांना हे मिळत नाही. अडचण ही की आपली थंडी उशिरा येते. तुमच्या झाडाला जानेवारी-फेब्रुवारीत फूल आलं असेल, म्हणजे तो आंबिया बहार. तिथून साधारण नऊ-दहा महिने धरले तर फळ आतून नोव्हेंबरातच तयार होतं. पण सालीतला हिरवा रंग रात्री चांगल्या गार झाल्याशिवाय जात नाही. रंग हा थंडीचा निरोप आहे, पिकण्याचा नव्हे. त्यामुळे पुण्यात नोव्हेंबरच्या मध्याला फळ आतून खाण्याजोगं आणि बाहेरून हिरवट-पिवळं, अशी स्थिती असते. तुम्ही केशरी रंगाची वाट बघत अडीच महिने थांबलात. तेवढ्यात दुपारच्या उन्हात आम्ल सरलं. देठाकडच्या कोरड्या फोडीही त्याचीच खूण, मोठी फळं जास्त दिवस झाडावर राहिली की तिथूनच कोरडी पडायला लागतात.

इजिप्तचं फळ सरस लागलं ते यामुळे. ते तिकडच्या बागेत वेळेवर काढलं गेलं आणि नंतर थंड राहिलं. संत्रं तोडल्यावर आंब्यासारखं पिकत नाही. तोडलं त्या दिवशी जे होतं, तेच थोडंफार टिकवलं जातं. तरी बाजारातल्या फळावर मेणाचा थर असतो, आठवडेच्या आठवडे शीतगृहात गेलेले असतात, आणि त्यात सुवास हमखास कमी होतो. वेळेवर काढलेलं घरचं फळ सोलताना सगळ्या खोलीत वास भरतो, तो तुम्हाला त्या स्टिकरवाल्या फळात सापडणार नाही. स्टिकरवरून आठवलं. तुलना करायची तर समोरचं फळ नेव्हलच आहे ना ते बघा. मोठ्या नेव्हलवर 4012 आणि मध्यम आकाराच्या नेव्हलवर 3107 हा आकडा असतो. उन्हाळ्याच्या तोंडाला इजिप्तहून येणारी पुष्कळशी फळं व्हॅलेन्शिया असतात. ती बियांची, रसाची आणि अधिक आंबट, त्यांच्याशी नेव्हलची तुलना करून निराश होऊ नका.

पुढच्या हंगामात चव अशी बघा. सात-आठच फळं असतील तर प्रत्येक चाचणीला एक फळ जातं, मन धजत नाही हे मला कळतं. तरी तीन फळं या कामाला द्या. पहिलं दिवाळी आटोपली की, साधारण 10 नोव्हेंबरला. दुसरं पंधरा दिवसांनी. तिसरं डिसेंबरच्या 10 तारखेच्या आसपास. देठाशी कात्रीने कापा, ओढू नका, ओढलं की देठाजवळ साल फाटते. फळ खोलीच्या तापमानाला येऊ द्या, कारण फ्रिजमधल्या गार फळाची गोडी आणि वास दोन्ही दबतात. सकाळी दात घासल्यावर लगेच चाखू नका, टूथपेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने संत्रं कडू लागतं. चहानंतरही नको. फळ उभं चिरा, आडवं नाही. बेंबीकडचा भाग देठाकडच्यापेक्षा नेहमी गोड असतो, त्यामुळे आडवं चिरून एकाने वरचा आणि दुसऱ्याने खालचा अर्धा खाल्ला तर दोघांचं मत जुळणार नाही आणि दोघंही खरं बोलत असतील. एकच फोड घेऊन दोन्ही टोकं वेगवेगळी चावून बघा, हा फरक पहिल्यांदा लक्षात येतो तेव्हा मोठी गंमत वाटते. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी कापायला सांगा आणि कुठलं फळ घरचं, कुठलं बाजाराचं हे खाईपर्यंत विचारू नका. आपण वाढवलेल्या फळाकडे जीभ झुकतेच.

प्रत्येक तारखेला दोन ओळी लिहून ठेवा: आंबट किती, गोड किती, साल किती जाड, फोडी रसाळ की कोरड्या. माझ्याकडे अशी वही आहे. तिच्यात पाषाणच्या (नंतर लावलेल्या, खऱ्या) नेव्हलचा सर्वोत्तम काळ बहुतेक वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून तीनएक आठवड्यांचा निघतो. माझ्या बहिणीच्या सिंहगड रस्त्यावरच्या गच्चीत, जिथे स्लॅब दिवसभर तापतो, तोच काळ जवळजवळ दहा दिवस आधी येतो. शहर एकच, तरी दहा दिवसांचा फरक. त्यामुळे माझी तारीख तुम्हाला चालणार नाही, तुमची तुम्हालाच शोधायला हवी. हाताने धरायचा रिफ्रॅक्टोमीटर हजार-दीड हजारात मिळतो, हौस असेल तर घ्या. पण तो साखर दाखवतो, आंबटपणा दाखवत नाही, आणि तुमचा प्रश्न आंबटपणाचा आहे.

एक काळजी घ्या, नेव्हलचा रस काढून डब्यात भरून ठेवू नका. फळात जे द्रव्य बेचव असतं, ते रस काढल्यावर त्यातल्याच आम्लामुळे हळूहळू लिमोनिन या कडू द्रव्यात बदलतं. तासा-दोन तासांत रस कडसर होतो. जंबेरीच्या खुंटावर हे जास्त जाणवतं आणि कोवळ्या फळात आणखी जास्त. पुष्कळ लोक इथेच फळाला नावं ठेवतात. काढला की लगेच प्या, किंवा सोलून फोडीच खा. या फळाची खरी मजा तीच आहे.

आता झाडाकडे वळू. जाड साल आणि कमी रस यांत काही वाटा झाडाच्या वयाचा आहे. पहिल्या दोन-तीन बहारांची फळं अशीच येतात, त्यावरून झाडाची पारख करू नये. पाचव्या-सहाव्या वर्षानंतर साल पातळ होत जाते. काही वाटा खुंटाचा. जंबेरीवर झाड लवकर मोठं होतं, फळंही मोठी, पण साखर आणि आम्ल दोन्ही पातळ. रंगपूरवर चव जरा बरी. ज्या तीन पानांच्या (ट्रायफोलिएट) खुंटावर परदेशात सर्वांत उत्तम चव मिळते, तो आपल्या चुनखडीच्या मातीत पिवळा पडतो. पुढचं कलम घेताना ‘खुंट कोणता?’ एवढं जरूर विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आणि काही वाटा खताचा, जो बहुधा तुमच्याकडून गेलाय. गच्चीवरची माणसं प्रेमाने वर्षभर शेणखत, गांडूळखत, किचनचं कंपोस्ट घालत राहतात. फळ पोसण्याच्या शेवटच्या टप्प्यात नत्र जास्त झालं की साल जाड होते आणि रंग आणखी उशिरा चढतो. माझा नियम सोपा आहे: गणपती उठले की नत्राचं खत बंद. फूल येण्याआधी, म्हणजे जानेवारीत, आणि पुन्हा जूनमध्ये गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. ऑगस्टमध्ये शेवटचा हात. बस. पाण्याचंही तसंच. पावसाळा संपल्यावर ड्रम सतत ओला ठेवू नका. बोट दोन पेरं आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी द्या. काढणीच्या आधीचे दोन आठवडे जरा हात आखडता घेतला तर साखर आणि आम्ल दोन्ही रसात घट्ट होतात. झाड कोमेजेपर्यंत मात्र ताणू नका.

ड्रमच्या तळाला विटांचे तुकडे घालायची पद्धत आहे, त्याने निचरा सुधारत नाही. पाणी मातीच्या शेवटच्या थरातच अडतं आणि मुळांना जागा मात्र कमी होते. त्यापेक्षा पूर्ण ड्रममध्ये भुसभुशीत मिश्रण भरा आणि भोकं मोठी ठेवा. कलमाचा सांधा मातीच्या वर चार बोटं तरी दिसला पाहिजे. तो गाडला गेला की बुंध्याला डिंक्या लागतो, आणि डिंक सुटलेला दिसला तर तेवढी साल खरवडून बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावी. सांध्याच्या खालून येणारी प्रत्येक फूट कोवळी असतानाच मोडा, माझ्या रंगपूरची गोष्ट आठवा. आणि शंभर लिटरचा ओला ड्रम झाडासकट सव्वाशे-दीडशे किलो भरतो, तो स्लॅबच्या मधोमध न ठेवता खाली बीम किंवा भिंत असेल तिथे ठेवा.

बोअरचं पाणी देत असाल तर ड्रमच्या कडेला पांढरा थर बसलेला असेल. पाने पिवळी पण शिरा हिरव्या दिसत असतील तर ती मातीत लोह नसल्याची नव्हे, ते मुळांना घेता येत नसल्याची खूण. अशा मातीत साधं लोह घालून उपयोग होत नाही, पाकिटावर ईडीडीएचए अशी अक्षरं असलेलं चिलेटेड लोह घ्यावं लागतं. पावसाळ्यात ड्रम पत्र्याखाली न ठेवता उघड्यावर ठेवा, क्षार धुऊन जातात.

एप्रिल-मे हा नेव्हलचा खरा कसोटीचा काळ. फळं सुपारीएवढी असताना पारा 38 च्या वर गेला की ती भराभर गळतात. नेव्हल तसंही शंभर फुलांमागे एखादंच फळ धरतं, म्हणून सात फळं टिकली हे मला चांगलं लक्षण वाटतं. मार्चअखेर पश्चिमेच्या बाजूने 35 टक्क्यांची शेडनेट बांधा आणि ड्रमभोवती गोणपाट गुंडाळा. मूळ तापलं की फळ गळतं, वरून कितीही पाणी घाला. शेडनेट पहिला पाऊस पडला की काढून टाका.

किडींबद्दल थोडक्यात. पानांवर नागमोडी पांढऱ्या रेषा दिसतात ती नागअळी, मोठ्या झाडाला त्याने फारसं बिघडत नाही, फवारणीच्या मागे लागू नका. नवी पालवी वेडीवाकडी आणि चिकट झाली तर सिट्रस सिल्ला (रस शोषणारा बारीक किडा) आहे का ते बघा, तो ग्रीनिंग नावाचा असाध्य रोग पसरवतो. सोसायटीच्या कुंपणाला कुंती असेल किंवा गच्चीवरच कढीपत्ता असेल तर सिल्ला तिथे वाढतो आणि मग इकडे येतो. कढीपत्ता काढायला मी सांगणार नाही, पण तो ड्रमपासून लांब ठेवा आणि त्याच्या कोवळ्या शेंड्यांवरही निंबोळी तेलाची फवारणी करा.

शेवटी कारा कारा. ते नेव्हलचंच भावंड आहे, 1976 मध्ये व्हेनेझुएलात कारा कारा नावाच्या बागेत एका फांदीवर सापडलं. गर गुलाबी, आंबटपणा साध्या नेव्हलपेक्षाही कमी. त्याचा गुलाबी रंग लायकोपिनचा, म्हणजे टोमॅटोच्या रंगद्रव्याचा, त्याला थंडी लागत नाही, म्हणून पुण्यातही गर गुलाबी होईल. लाल रसाच्या मोरोसारख्या जातींना मात्र थंड रात्री हव्यात, त्या इथे अर्धवटच रंगतात. पण तुमची तक्रार पाणचटपणाची आहे, आणि कारा कारात आम्ल आधीच कमी. उशिरा काढलंत तर ते आजच्याहून जास्त मवाळ लागेल. तेव्हा आधी याच झाडावर तुमची तारीख शोधा. ती सापडली की कारा काराचा डोळा याच झाडाच्या एका फांदीवर भरून घेता येईल. दुसरा ड्रम नको, दुसरा खुंट नको. मूळ तेच, माती तीच, पाणी तेच, आणि दोन फळं एकाच दिवशी, शेजारीशेजारी कापून चाखता येतील.